जगदेवाचा पाय अन् वैभवीची पाठ

या, बसा बाप्पा, त्या भाजीच्या कॅरेटवर बसा. तुमची बस आताच गेली, दुसरी येवाले घंटाभर लागते, अन् ऊन असं हाय का माह्या मेथीनं बी मान टाकली. तवरोक एक गोष्ट सांगतो. एका मूर्ख मानसाची हाय, त्याच्यानं हसाले लय जागा हाय. मधात एखांद्या ठिकानी हसू नाई आलं त नका हसू, मी काई मनावर घेत नाई.

त्या मानसाचं नाव जगदेव. आंधीच सांगून ठेवतो, त्या जगदेवाले अन् मले एकाच मायनं, एकाच दिवशी, एकाच खाटेवर जलम देल्ला, अन् आमी जुळे नाई. समजलं न. पन 'मी' म्हनून सांगाले बसलो त मी मले सोडून देईन, इकडचं तिकडं लपवीन. दुसऱ्याची गोष्ट असली का मानूस कसा चवीनं अन् खरं सांगते. म्हनून जगदेवच म्हनू.

त हा जगदेव. शिरपूर जैनच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेले त्याचा दोन एकर भाजीपाला. वांगे, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, मिरची. पन गावात त्याले वांग्यानं कोनी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते पायानं. सारे लेकरं डोकं आंधी घालून दुनियेत येतात, जगदेव पाय आंधी घालून आला. अशा मानसाले पायाळू म्हनतात. आपल्याकडे लोकायचा भरवसा हाय का पायाळूच्या पायात गुन असते. कोनाच्या कमरीत उसन भरली, म्हंजे वाकता वाकता पाठ धरली अन् सरळ होता येईना, त त्याले पायाळूकडे नेतात. दिवस निंगाच्या आंधी, निरन्या पोटी, उंबरठ्यावर पालथं पाडाचं, अन् पायाळूनं त्याच्या पाठीवरून टाच फिरवाची, तीनदा. असं तीन दिवस. पैसे घेवाचे नाई, घेतले का गुन जाते म्हनतात. नारळ चालते.

दुसऱ्याले नाव कमवाले कायकाय करा लागते. शाळा शिका, कुस्त्या खेळा, सरपंचकीले उभे राहा. जगदेवाचं नाव बाळंतिनीच्या खाटेवरच होऊन गेलं. चवथीत तो दोनदा नापास झाला, तवा मास्तर म्हने, "याच्या डोक्यात काई नाई." त्याची माय म्हने, "डोक्यात नाई त नाई, पायात हाय."

साठ वर्स हा मानूस त्या एका पायावर जगला. उजवा पाय. त्याले रोज साबनानं धुवाचा, खोबऱ्याचं तेल लावाचं, थंडीत एकच मोजा घालाचा, तो बी उजव्यात. डाव्याले कोनी विचारत नव्हतं. तो बिचारा वाफ्यातल्या चिखलानं फाटून, भेगा पडून, सावत्र पोरासारखा मांगून येत राहे. जगदेवाची बायको रंगूबाई म्हने, "चाळीस वर्स झाले लग्नाले, माह्या डोक्याले यानं कधी तेलाचं बोट लावलं नाई. पायाले मात्र वाटी भरून."

जगदेवाले वाटे, हिले काय समजते. सकाळी दारात लाइन राहे. शिरपूरच्या देवळाले येनाऱ्या जातरूंत कोनाची बसमधी कंबर धरली, त त्याले बी कोनीतरी आनून टाके. एकदा गुजरातकडला एक शेठ पालथा पडला, तिसऱ्या दिवशी उठून सरळ चालाले लागला, अन् त्यानं मोबाईलमधी जगदेवाच्या पायाचा फोटो काढला. तोंडाचा नाई, पायाचा. जगदेवानं त्या फोटोचं सहा महिने गावाले सांगलं.

आता एक आतली गोष्ट आयका. उसन तीन दिवसानं आपोआप सुटते. पाय लावा का नका लावू. हे जगदेवाले ठाऊक होतं का? होतं. काहून का त्याच्या सोताच्या कमरीत उसन भरे तवा सोताचा पाय सोताच्या पाठीवर नेता येत नव्हता, अन् तरी ती तीन दिवसानं जाये. पन ही गोष्ट त्यानं मनातल्या मनात बी कधी मोठ्यानं म्हनली नाई.

अशा घरात वैभवी होती. जगदेवाची नात, नऊ वर्साची, चवथीत. तिचा बाप हरीओम टरक चालोते, महिन्यातून दोन दिवस घरी. तिची माय निकिता, चुलीपाशी बी तीच, वाफ्यात बी तीच, बजारात बी तीच.

दिवाळी झाली अन् पोरगी म्हने, "आबा, पाठ दुखते."

दुसऱ्या कोनाले काळजी वाटली असती. जगदेवाले आनंद झाला. घरच्या घरी पेशंट.

रंगूबाई म्हने, "लेकराले कायची उसन? ते काय पोते उचलते काय?"

"तिचं दप्तर उचलून पाह्यलं का कधी?" जगदेव म्हने, अन् पाय धुवाले गेला.

तीन दिवस पाय फिरवला. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडापुढं उकिडवा बसला अन् विचारलं, "काय व माय, कसं वाटते?" पोरीनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं. म्हने, "बरं वाटते आबा." झालं. संध्याकाळपर्यंत गावाले बातमी, का जगदेवाच्या पायाले लहानमोठं समजत नाई, सगळ्याईले सारखा गुन.

आठ दिवसानं पाठ परत दुखली. परत तीन दिवस पाय. परत "बरं वाटते आबा." असं करत करत संक्रांत आली. पोरीचं आंग संध्याकाळी कोमट लागे. भाकर अर्धी टाकून देये. फराक ढिला झाला, त जगदेव म्हने वाढीचं वय हाय, उंच होऊन राह्यली. वांगे तोडाले आली का ती वाकत नव्हती. पाठ सरळ ठेवून, मांडीवर हात टेकून, हळूच खाली बसे, जशी कोनी राजाची रानी. जगदेव ते येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवे. "पाहा कशी ताठ बसते. नाई त तुमचे पोरं, मोबाईल पाहून पाहून कुबडे झाले."

निकितानं दोनदा म्हनून पाह्यलं. "मामाजी, एकदा वाशीमले दाखवून आनू का हिले?"

"तुले काई समजते का? पायाळूची नात कंबर धरून दवाखान्याच्या लाइनीत उभी दिसली, त उद्या माह्या दारात कोन येइन?"

"पोरगी दुखून राह्यली न पन."

"दुखनं उतरून राह्यलं. उतरताना दुखतेच."

निकिता वाफ्याकडे चालली गेली. सासऱ्याच्या तोंडी लागाची रीत आमच्या... त्या घरात नव्हती.

होळीच्या आठ दिवस आंधी निकिता पोरीची पाठ घासत होती, अन् तिचं बोट एका जागी थांबलं. पाठीच्या मधोमध एक मनका वर आल्ता, बोराएवढा. तिनं सासूले दाखोला, सासूनं जगदेवाले बोलावलं. जगदेवानं चष्मा लावून पाह्यलं, अन् तुमी आयकून घ्या का हा मानूस काय म्हनला. म्हने, "गाठ वर आली म्हंजे दुखनं वर आलं. आता बाहेरच निंगते."

शुक्रवार होता. बाकीच्या खेपी तो नुसती टाच फिरवे. त्या दिवशी गाठीवर ठेवली अन् जरा जोर देल्ला, निंगून राह्यलेल्या दुखन्याले धक्का म्हनून. पोरीनं उंबरठा दोनी हातानं धरला. रडली नाई. नाकातून एक बारीक आवाज आला तिच्या, दोरीत अडकलेलं वासरू करते तसा.

ते बिगर हसाचं ठिकान म्हनलं होतं न, ते हे. पुढं चला.

मंगळवारी निकिता अन् वैभवी वाफ्याकडे चालल्या होत्या. जगदेव मांगून होता. पोरगी पुढं. चालता चालता तिच्या उजव्या पायातली चप्पल सुटली, मांगं राह्यली, अन् पोरगी तशीच चालत राह्यली. पाच-सहा पावलं. खाली सराट्याचे काटे. निकितानं चप्पल उचलली.

"वैभू, चप्पल कोठी हाय तुही?"

पोरीनं खाली पाह्यलं. "आवं हाव की. कवा पडली?"

निकितानं तिचा पाय वर करून पाह्यला. तळव्यात दोन काटे मोडले होते. तिले ते समजले नव्हते. निकितानं काटे काढले. नऊ वर्साच्या पोरीले तिनं कडेवर उचललं अन् तशीच फाट्याकडे चालाले लागली.

जगदेव मांगं धावला. "अवं थांब, आयकून घे, मी सांगतो..."

ती न थांबता म्हने, "येत असान त पिशवी घ्या मामाजी. नाई त राहू द्या."

दहा वर्सात ती सासऱ्याले अशी बोलली नव्हती. जगदेवानं पिशवी घेतली. पाय घरी ठेवून जाता आलं असतं त तो बी ठेवला असता.

वाशीमच्या दवाखान्यात एक तरनी डाक्टरीन होती, शुभांगी मॅडम. तिनं पोरीले काई टोचलं नाई का दाबलं नाई. टेबलावरचा पेन खाली पाडला अन् म्हने, "वैभवी, माझा पेन पडला बघ. देतेस उचलून?"

वैभवी मांडीवर हात टेकून, पाठ ताठ ठेवून हळूच खाली बसली अन् पेन देल्ला. जगदेवाची छाती फुगली. "मॅडम, ही अशीच बसते. वळनच हाय घरचं."

"कधीपासून बसते अशी?"

"लहानपनापासून," जगदेव म्हने.

"दिवाळीपासून," निकिता म्हने.

मॅडमनं जगदेवाकडे एकदा पाह्यलं अन् मंग पुढचं सारं निकितालेच विचारलं. ताप, जेवन, वजन, चप्पल. पोरीले झोपवून गुडघ्यावर हातोडी मारली, आंगठे वर कर म्हनलं, तळव्यावर काडी ओढली. गाठीवर नुसतं बोट ठेवलं त पोरीनं डोळे मिटले. मंग मॅडम म्हने, "ही कुठे पडली होती का? मार लागला? कुणी पाठ दाबली, चोळली?"

कोनी काई बोलाच्या आंधीच वैभवी म्हने, "कोनीच नाई."

निकितानं जगदेवाच्या उजव्या पायाकडे पाह्यलं. जगदेवानं पाय खुर्चीखाली घेतला. ज्या पायाचा फोटो काढू देल्ता तो खुर्चीखाली लपवला, अन् म्हने, "नाई मॅडम."

गाडीत निजवून पोरीले अकोल्याले नेलं, मशीनमधी पाठीचा फोटो काढला, मनक्यातलं सुईनं थोडं काढून तपासाले देल्लं, अन् परत वाशीमले आनून खाटेवर ठेवलं. कागद आले तवा मॅडमनं निकिताले अन् जगदेवाले समोर बसवलं.

"हाडाचा टीबी आहे. पाठीचे दोन मणके आतून पोखरलेत. तिथे पू झालाय, आणि पायांकडे जी नसांची दोरी जाते तिच्यावर तो दाबतोय. म्हणून चप्पल सुटली ते कळलं नाही."

जगदेवानं जितकं शिकलं होतं तितकं सारं पुढं मांडलं. "टीबी त छातीत असते मॅडम. पोरगी खोकलत बी नाई."

"जंतू श्वासातूनच आत जातात, आजोबा. पण रक्तातून कुठेही जाऊन बसतात. गुडघ्यात, खुब्यात, मणक्यात. लहान लेकरांमध्ये होतं असं. औषध आहे, बरा होतो. वर्षभर गोळ्या, कदाचित थोड्या जास्त, एक दिवस चुकवायचा नाही."

निकिता म्हने, "अन् पाय?"

मॅडमनं कागद बाजूले ठेवला. "पायांचं आत्ता सांगता येत नाही. कमजोरी हळूहळू आली असेल तर गोळ्या आणि आराम देऊन वाट पाहता येते. अचानक आली असेल, मणका खचला असेल, तर ऑपरेशन लवकर करावं लागेल, नाहीतर पाय जाऊ शकतात. म्हणून परत विचारते. गेल्या आठवड्यात काही झालं होतं का?"

निकिता जगदेवाकडे पाहाले लागली. जगदेव म्हने, "आठवून सांगतो."

सहा दिवसाआंधीचा शुक्रवार. बहात्तर सालच्या दुष्काळाचा एकेक दिवस तोंडपाठ सांगनारा मानूस, अन् त्याले शुक्रवार आठवून सांगाचा होता.

तो बाहेर नळापाशी येऊन उभा राह्यला. तेवढ्यात रंगूबाईचा फोन.

"सांगलं का डाक्टरले?"

"काय?"

"तुमाले माहीत हाय काय."

"सांगतो न. मोका पाहून सांगतो."

"अठी दोन जन येऊन बसले, कंबर धरून. काय सांगू त्याईले?"

आता खरं सांगाचं ठरलं हाय म्हनून सांगतो. नात खाटेवर, तिचे पाय राह्यतात का जातात ठाऊक नाई, अन् या मानसाच्या तोंडातून काय निंगालं? निंगालं, "कोन कोन हायेत?"

रंगूबाईनं फोन कापला.

तो आत आला अन् पोरीच्या खाटेपाशी बसला. निकिता गोळ्या आनाले गेली होती. वैभवी छताच्या पंख्याकडे पाहत पडली होती.

"तू काहून म्हनली व, का कोनीच नाई दाबली म्हनून?"

"त्या मॅडम तुमाले बोलल्या असत्या न."

"बोलली असती त बोलली असती."

"अन् मंग गावात समजलं असतं. मंग तुमच्याकडे कोनीच आलं नसतं."

जगदेवानं तिच्या पायावरची चादर सरळ केली. मंग म्हने, "मंग दर खेपी तू बरं वाटते, बरं वाटते म्हने, ते खरं होतं का?"

पोरगी पंख्याकडेच पाहत राह्यली. "तुमी लय वाट पाहे न आबा, मी काय म्हनते त्याची."

असं तोंडावर कोनी चपलीनं मारलं असतं त जगदेवानं उलटून शिवी तरी देल्ली असती. नऊ वर्साची पोरगी चार महिने त्याची इभ्रत सांभाळत होती, सोताच्या पाठीवर.

मॅडम राउंडले आली. पाच-सहा खाटा होत्या त्या खोलीत, सगळ्यायचे घरचे बसलेले. बाजूले नेऊन हळूच सांगता आलं असतं. पन जगदेवाले हळू बोलाची सवय नाई, अन् त्याले भेव वाटलं का बाजूले गेलो त मधातच इचार बदलीन. तो उभा राह्यला अन् म्हने, "मॅडम, दाबली होती. म्या दाबली. या पायानं." अन् चपलीतून पाय काढून पुढं केला.

सारी खोली त्या पायाकडे पाहाले लागली. इतक्या मानसायनं एकाच वेळी त्या पायाकडे आंधी कधी पाह्यलं नव्हतं.

"पायानं?" मॅडम म्हने.

"पायाळू हाय मी."

मॅडम इकडचीच होती, तिले पुढं समजवा लागलं नाई. "किती वेळा?"

"एका खेपी तीन दिवस. अशा सात-आठ खेपा."

"शेवटचं कधी?"

"शुक्रवारी. गाठीवर. जरा जोर देल्ला."

ती बोलली असती त बरं झालं असतं. तिनं लिहून घेतलं. मंग म्हने, "आजोबा, आजार तुमच्या पायानं आलेला नाही. पण आतून पोखरलेल्या खांबावर तुम्ही भार दिलात. आता सांगितलंत ते बरं केलंत."

कारल्याच्या मांडवातले असे वाळवीनं, उधईनं आतून खाल्लेले खांब जगदेवानं जिनगीभर पाह्यले. त्याईवर भार द्याचा नसते, हे त्याले बराबर समजत होतं. खांबाचं समजत होतं.

हाडायच्या मोठ्या डाक्टरले त्याच दुपारी बोलावलं. दोघायनं मिळून ठरोलं का पोरीनं बिलकुल उठाचं नाई, गोळ्या चालू, अन् सकाळ-संध्याकाळ पायाचे आंगठे पाहाचे. जोर जरा बी कमी झाला त त्याच दिवशी ऑपरेशन.

वैभवीनं भिंतीकडे तोंड केलं होतं. जगदेव तिच्याजवळ गेला त म्हने, "तुमी काहून सांगलं? आता तुमाले कोनी बोलावनार नाई."

पन कोनी बोलावनार नाई हे काई खरं नव्हतं. मॅडम दाराबाहेर गेली का बाजूच्या खाटेवरची गोमतीबाई, तिचा नातू मलेरियानं पडला होता, ती सरकत सरकत आली. "काहो भाऊ, पायाळू हाय म्हने तुमी. माही कंबर आठ दिवसापासून धरली व माय. अठीच पडू का पालथी?"

"बाई, आताच काय आयकलं तुमी?"

"ते लेकराचं अलग असते. आमी जुने हाड."

तिचं होते न होते तर झाडू मारनारी आली, मंग दारावरचा शिपाई. शिपाई म्हने, "बाबाजी, ड्युटी सुटली का इकडे मांगं या, तठी कोनी पाहत नाई." खरं सांगतो, जगदेवाच्या पायाले खाज सुटली. साठ वर्साची सवय. पन तो म्हने, "या पायानं आता फक्त चालाचं. कंबर दुखत असन त खाली चिठ्ठी काढा, डाक्टरले दाखवा." गोमतीबाई जाता जाता म्हने, "लय भाव खाऊन राह्यला बुढा."

मंग सुरू झालं आंगठे पाहनं. ज्यानं जिनगीभर सोताच्या पायाकडे पाह्यलं, तो आता दुसऱ्याच्या पायाच्या आंगठ्याकडे पाहत बसला. मॅडम तिचं बोट पोरीच्या आंगठ्यावर ठेवे अन् म्हने, "ढकल." पोरगी ढकले. आंगठा जितका उठे तितका मॅडम लिहून घेये. जगदेव खाटेच्या पायथ्याशी सोताचेच आंगठे वर करत बसे, जसा काई त्याच्या जोरानं तिचा उठनार हाय.

चवथ्या दिवशी डावा आंगठा कमी उठला. मॅडमनं दोनदा पाह्यलं. ऑपरेशनचा कागद आला. जगदेव सही कराले पुढं झाला, त निकिता म्हने, "राहू द्या मामाजी," अन् तिनं सही केली. हरीओम नागपूरकडून टरक सोडून निंगाला होता, तो संध्याकाळी पोचला. त्याले सारं निकितानं सांगलं. तो बापाच्या पायाजवळून चालत गेला अन् पोरीच्या उशाशी बसला.

मोठ्या डाक्टरनं संध्याकाळी येऊन पाह्यलं, म्हने फरक लय बारीक हाय, सकाळपर्यंत थांबू. सकाळी आंगठा तितकाच होता, कमी बी नाई, जास्त बी नाई. दुसऱ्या दिवशी बी तितकाच. मॅडम रोज म्हने, "थांबू." हा शब्द जगदेवाले सोसत नव्हता, त्याले तीन दिवसाच्या वर कायचीच वाट पाहाची सवय नव्हती.

अकराव्या दिवशी मॅडम म्हने, "ढकल," अन् तिचं बोट मांगं गेलं. तिनं बोट परत ठेवलं. परत मांगं गेलं. तिनं निकिताकडे पाह्यलं अन् हसून मान डोलवली, एवढंच. ऑपरेशनचा कागद फाइलीतच राह्यला. निकिता खाटेचा दांडा धरून खाली बसली. जगदेव तोंड धुवाले नळावर गेला. त्या दिवशी त्यानं चार खेपी तोंड धुतलं.

चैत सरता सरता पोरगी घरी आली, छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा बांधून. पट्ट्यात ती अजूनच ताठ दिसे, पन आता जगदेव कोनाले दाखवत नव्हता. घरातल्या सगळ्यायची तपासनी झाली, छातीचे फोटो निंगाले. जगदेवाची छाती साफ निंगाली. रंगूबाई म्हने, "फोटो जरा वर काढाले पाह्यजे होता, डोक्याचा."

अन् गाव. तुमाले वाटन का गावानं जगदेवाच्या तोंडात शेन घातलं. नाई. गाव म्हने, जगदेव दवाखान्याची पायरी चढला, डाक्टरच्या समोर पाय कबूल केला, म्हनून पायातला गुन गेला. आता कंबर धरलेले लोकं चार कोसावरच्या सोमला पायाळूकडे जातात. त्याचा डावा पाय हाय म्हनतात, अन् डाव्याले जास्त गुन असते असं बी म्हनतात. जगदेवाच्या दारात कोनी चुकून आलाच त तो सांगते, तीन दिवस थांब, आपोआप सुटते, नाई सुटलं त दवाखान्यात जा. लोकं आयकून घेतात अन् सोमलाकडे जातात. लेकरू घेऊन कोनी आलं त जगदेव शिव्या देते, अन् शिव्या देत देत त्याईले बसमधी बसवून देते.

आता आठ महिने झाले गोळ्याईले. अजून चार-सहा महिने राह्यले. आषाढापासून पोरगी शाळेत जाते, चालत जाते, सोताच्या पायानं. पट्टा हाय अजून. मनक्याची ती गाठ थोडी राहीन म्हने मॅडम, जिनगीभर.

त बाप्पा, आता शाळा सुटली का ती या रस्त्यानंच येइन. इथचे सारे लोकं तिले थांबोतात. कोनी म्हनते, पाठ दाखव बरं, कोठी हाय गाठ. ती दाखोते, नाई म्हनत नाई. तुमी तसं करू नका. अन् दुसरं मांगनं हाय, ते जास्त महत्त्वाचं. तिच्या तोंडाकडे पाहून, आता बरं वाटते का बेटा, असं तिले विचारू नका. ती तुमच्या मनासारखं सांगन. विचाराचंच असन त तिच्या मायले विचारा.